जामीन राहू की नको? देवाकडे बुद्धी मागितली, आता उत्तर ओळखायचं कसं

भुसावळची बाई

सगळ्यांना जय ख्रिस्त.

मी भुसावळला राहते. जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मिस्टरांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. प्रश्न लांब आहे, आधीच सांगते. थोडक्यात लिहिला तर "ताई, प्रार्थनेत ठेवा" एवढंच उत्तर येईल, आणि ते मला मंडळीत दर रविवारी मिळतंच.

माझे धाकटे दीर चोपडा तालुक्यात शेती करतात. कपाशी होतीच, आता तीन एकरांत टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) केळी लावायची म्हणतात. रोपं, नवं ठिबक, खतं धरून पाच लाखांचं कर्ज एका पतसंस्थेतून काढायचं आहे. पतसंस्थेला दोन पगारदार जामीनदार हवेत. एक त्यांना मिळाला आहे. दुसरी मी. मिस्टर सख्खे भाऊ, पण दुकानदाराच्या सहीला तिथे भाव नाही. झेडपीच्या बाईची पगारपावती दिसली की मात्र साहेब उठून खुर्ची देतात.

भाऊजी माणूस वाईट नाहीत. दारू नाही, पत्ते नाहीत. नाताळात येतात तेव्हा केळीचा घड आणि भरताची वांगी घेऊन येतात. माझ्या लग्नात काय दिलं, काय नाही, यावर एक शब्द कधी बोलले नाहीत (थोरले नणंदोई बोलले, पण तो विषय वेगळा). सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचं एकच म्हणणं, "घरना माणूस शे तो." त्यापुढे बोलायला जागा नाही.

आता खरा प्रश्न. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलंय की ज्याला बुद्धी कमी पडते त्याने देवाकडे मागावी, तो दोष न लावता देतो (१:५). मी मागितली. घरी मागितली, एसटीत खिडकीशी बसून मागितली, पोरं शुद्धलेखन लिहीत असताना मागितली. पण आलेलं उत्तर देवाचं आहे हे ओळखायचं कसं, ते याकोबाने तिथे सांगितलेलं नाही. उलट पुढची ओळ मला छळते. मागताना संशय धरू नये, संशय धरणाऱ्याला काही मिळेल असं त्याने समजू नये. माझ्या तर प्रार्थनेतच संशय आहे.

विचारलं तेव्हा लोकांनी काय सांगितलं तेही लिहिते. पाळकसाहेब म्हणाले, उपास करा. बुधवारच्या घरसभेतल्या एका बहिणीला प्रार्थनेत हिरवीगार बाग दिसली, म्हणजे देवाचा होकार आहे म्हणे. मनात आलं, चोपड्याच्या दिशेने डोळे मिटले तर हिरवंच दिसणार, दुसरं काय दिसेल? एकीने सांगितलं, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघड आणि बोट ठेव. ठेवलं. बोट पडलं पहिल्या इतिहासातल्या वंशावळीवर. आदाम, शेथ, अनोश. त्यांच्यापैकी कोणी कोणाला जामीन राहिलं होतं का, ते लिहिलेलं नाही. मिस्टर म्हणाले, देवाची खूण मागायला गिदोनाने रात्री लोकर बाहेर ठेवली होती, तशी तू अंगणात ठेव. ते थट्टेने म्हणाले, पण त्यांचीही रात्रीची झोप गेली आहे.

खरं सांगायचं तर मला मनातून सही करायची नाही. आणि अडचण तिथेच आहे. ही "नको" म्हणणारी देवाने दिलेली बुद्धी, की नोकरदार बाईचा कंजूषपणा? माझ्या आवडीचंच उत्तर मी देवाच्या नावावर खपवतेय असं तर नाही ना? तुम्ही असे निर्णय घेताना नेमकं काय करता, ते ऐकायचं आहे. तत्त्व नको. करता काय ते सांगा.

पांझरेकाठ

ताई, धुळ्याहून सलाम.

तुम्हाला आवडणार नाही, पण लिहितो. तुमचं मन "नको" म्हणतंय असं तुम्हीच कबूल केलंय. मग देवाकडे काय मागताय, बुद्धी की परवानगी? जो मागतो त्याला दे, उसनं मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नको, हे डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनेच सांगितलंय (मत्तय ५:४२). तिथे पगारपावतीची अट नाही.

यहूदा आठवा. धाकट्या भावाला, बन्यामिनाला, मिसरात न्यायचं होतं तेव्हा बापासमोर उभा राहून म्हणाला, मी त्याचा जामीन, तो परत आला नाही तर दोष कायमचा माझ्यावर (उत्पत्ती ४३:९). त्याने आधी बन्यामिनाचा सात-बारा तपासला नव्हता. आणि आपण सगळे ज्याच्यावर विसंबून आहोत तो प्रभूसुद्धा नव्या कराराचा जामीनच आहे, इब्री ७:२२ वाचा. जामीन राहणं वाईट असतं तर देवाने ते स्वतःच्या पुत्राला करायला लावलं नसतं.

आपली मंडळी लहान, नातीगोती लहान. शहरातल्या माणसासारखं प्रत्येकाने आपापली एफडी सांभाळत बसायचं ठरवलं तर खेड्यातला ख्रिस्ती माणूस कोणाकडे बघेल? माझ्या वडिलांना १९८० च्या दशकात विहीर खोदायला कोणी जामीन मिळत नव्हता, तेव्हा मंडळीतल्याच एका रेल्वेवाल्या काकांनी सही दिली होती. त्या विहिरीवर आम्ही शिकलो.

जुना वसुलीवाला

मी सहकारी संस्थांच्या वसुलीत आयुष्य काढलं, आता जळगावात घरी बसून असतो. पांझरेकाठ यांच्या विहिरीला माझा सलाम, पण ताईंनी कागद समजून घ्यावा.

लोकांचा एक समज पक्का असतो. आधी कर्जदाराच्या मागे लागतील, त्याचं घर-शेत विकतील, त्यातूनही उरलं तर जामीनदाराकडे येतील. तसं नसतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्था दोघांकडे एकदम येऊ शकते, आधी तुमच्याकडेही येऊ शकते. आणि ती येते, कारण भाऊजींची केळी मिळतील न मिळतील, तुमचा पगार दर महिन्याला ठरल्या जागी जमा होतो. खुर्ची देण्यामागचं कारण ते आहे.

सहकारी संस्थेला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यात कर्जदाराबरोबर जामीनदाराचं नाव असतं. जामीनकतब्यासोबत (जामीनदार सही करतो तो करार) पगार कपातीचं संमतीपत्र घेतात, त्यावरून कलम ४९ खाली तुमच्या कार्यालयाला पगारातून कापायला सांगता येतं. त्या गठ्ठ्यात वीस सह्या असतात. कोणी वाचत नाही. कारकून पेन्सिलीने फुल्या मारून देतो, इथे इथे सही करा म्हणतो.

तुम्ही भरलेले पैसे नंतर कर्जदाराकडून मागायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे, कलम १४५. पण सख्ख्या दिरावर दावा लावणार आहात का? मग तो हक्क कागदावरच.

आता नीतिसूत्रे ६ उघडा, पहिली पाच वचनं. शेजाऱ्यासाठी जामीन राहून हात देऊन बसला असशील तर डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, जा, गयावया कर, पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा स्वतःला सोडव. २२:२७ तर अजून रोकडं आहे. फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण कोणी का न्यावं? मी हे वचन पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, लिहिणारा कधीतरी जप्तीच्या पथकाबरोबर फिरलेला असणार.

ताई, चार प्रश्न विचारा. बँकेचं पीककर्ज आहे का, आणि ते थकीत आहे का? सात-बारावर बोजा कोणाचा? पाच लाखांतले नेमके किती केळीला लागणार? आणि शेतकरी स्वस्तातलं पीककर्ज सोडून महागड्या पतसंस्थेत का जातोय? शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज केंद्र आणि राज्य दोघांची व्याज सवलत मिळून शून्य टक्क्याने पडतं. ते सोडून कोणी हौसेने पतसंस्थेत जात नाही.

नवापूरची सिस्टर

बाई, मी निवृत्त नर्स आहे, नवापूरकडे सगळी नोकरी झाली. वरचे दोघं भाऊ चांगलं बोलले. पण मला वाचताना एक माणूस कुठेच दिसला नाही. तुझी जाऊ.

पाच लाख तिच्या घरात येणार. केळीला पाणी तीच देणार, हप्ता चुकला तर पहिलं मंगळसूत्र तिचं जाणार. तिला कोणी विचारलं का? दीर बोलतात, सासू बोलते, तुझे मिस्टर बोलतात, बुधवारच्या घरसभेतली बहीणसुद्धा बोलते. जिला घरातल्या डब्यात किती पैसे आहेत ते ठाऊक आहे ती गप्प. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातली बाई आपण मदर्स डेला पुलपिटवरून वाचतो आणि तिला गुलाबाचं फूल देतो. पण १६ वं वचन बघ, ती शेत बघून, विचार करून विकत घेते. व्यवहार तिच्या हातात होता.

ओळखायचं कसं, हा तुझा प्रश्न. याकोब पहिल्या अध्यायात नाही सांगत, पण तिसऱ्यात सांगतो. वरून येणारी बुद्धी आधी शुद्ध असते, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत ऐकून घेणारी, दयेने भरलेली, पक्षपात आणि ढोंग नसलेली (३:१७). मी नोकरीत हे वचन वापरलं आहे, देवघरात नव्हे, वॉर्डात. एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकांना खरं सांगायचं की नाही असा प्रसंग यायचा. मी स्वतःला विचारायची, मी जे करणार आहे ते सगळ्यांसमोर, त्याच शब्दांत सांगू शकते का? त्यात काही झाकावं लागत असेल तर "शुद्ध" गेलं. समोरच्याने प्रश्न विचारल्यावर मला राग येणार असेल तर "समजूत ऐकून घेणारी" गेलं.

तुझ्या "नको"ला हे लावून बघ. तुझं "नको" भाऊजींना समोर बसवून, कारणासकट, न चिडता सांगता येतं का? की "हेडमास्तर परवानगी देत नाहीत", "माझं आधीच एक कर्ज आहे" असं काहीतरी पुढे करावं लागणार आहे? दुसरं करावंसं वाटत असेल तर थांब. आणि तुझ्या "हो"लाही हेच लाव. सासूबाईंच्या धाकाने दिलेला "हो" सौम्य दिसतो, पण त्यात ढोंग असतं.

संशयाचं म्हणशील तर मला वाटतं याकोब तिथे दोन मनांच्या माणसाबद्दल बोलतोय, ज्याला देवाचंही ऐकायचंय आणि नाही आवडलं तर सोडूनही द्यायचंय. तू तशी वाटत नाहीस. तुला घाम फुटलाय, तो वेगळा.

जा आणि जावेकडे एक दिवस राहा. भाकरी थाप तिच्याबरोबर.

पांझरेकाठ

सिस्टर, मान्य. जावेचा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. पण वसुलीवाले भाऊंना विचारतो, चार प्रश्नांची उत्तरं चुकीची आली तर काय, भावाला वाऱ्यावर सोडायचं? कागद चांगला असलेल्याला तर बँकही देते. त्याला आपली गरजच नाही.

जुना वसुलीवाला

सोडायचं असं मी कुठे म्हटलं? सही आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच म्हणतो. तुमचा यहूदाच घ्या. वेळ आली तेव्हा त्याने काय केलं? बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवून घ्या म्हणाला (उत्पत्ती ४४:३३). पौलही फिलेमोनाला लिहितो, तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर माझ्या खाती मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. हे दोघं सही करताना फेडायच्या तयारीनेच बसलेले होते. इब्री ७ मधल्या जामीनदाराने तर फेडलंच. आमच्याकडे येणारे जामीनदार "नुसती सही तर आहे" म्हणून करायचे, आणि नोटीस आल्यावर कर्जदाराच्या दारात जाऊन आई-बहीण काढायचे.

ताईंना एवढंच विचारतो. उद्या पाचही लाख आणि वरचं व्याज तुमच्या पगारातून गेलं, तर पुढच्या नाताळात भाऊजींच्या हातचा घड हसून घ्याल का? हो असेल तर खुशाल सही करा, मी पेन देतो.

भुसावळची बाई

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मधे परीक्षा होत्या.

सिस्टर, तुमचं ऐकून जावेकडे राहून आले. आधी ती काही बोलेना. दुसऱ्या दिवशी कळण्याच्या भाकरी करताना, चुलीकडे तोंड ठेवून, सगळं बोलली. मी विचारलंही नव्हतं फारसं.

पीककर्ज थकीत आहे. मागे एका मे महिन्यात वादळात उभी बाग आडवी झाली, घड निसवलेले होते. नंतरच्या लागवडीत हरण्या रोग शिरला, झाडं उपटून फेकावी लागली. बँकेचं राहिलं ते राहिलंच, म्हणून बँक आता नवं देत नाही. मधे एका खासगी माणसाकडून पैसे घेतले, त्याच्याकडे कोरे चेक आहेत. पाच लाखांतले दोनेक लाख आधी त्यालाच जायचे होते. म्हणजे केळी तीन लाखांचीच. भाऊजींनी हे मिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. लाजेपोटी, दुसरं काही नाही. जाऊ म्हणाली, "वहिनी, सही नका करू. पण मी सांगितलं असं म्हणू नका." हे मी इथे लिहितेय कारण तिच्या घरी हे कोणी वाचणार नाही.

मग मी आणि मिस्टर दोघं बसलो. वसुलीवाले काकांचा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला. मिस्टर म्हणाले, मी घड हसून घेईन. मी म्हटलं, मी नाही घेऊ शकणार. दर महिन्याला पगारपावतीवर कपात बघून माझं मन आंबत जाईल, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. मिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनीच ठरवलं की आमची एक सत्तर हजारांची ठेव आहे ती मोडून भावाला द्यायची, आणि ती परत मागायची नाही. उसनी म्हणायचं नाही, वहीत लिहायचं नाही.

रविवारी उपासनेनंतर भाऊजींना जेवायला बोलावलं. शेवभाजी केली, त्यांना आवडते. जेवण झाल्यावर मी सांगितलं. हेडमास्तरांचं नाव पुढे केलं नाही. म्हटलं, भाऊजी, मी सही करणार नाही, कारण बुडालं तर मला ते सोसणार नाही आणि मी तुमच्यावर राग धरीन. बँकेचं थकलंय का असंही विचारलं. जावेचं नाव घेतलं नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग स्वतःच खिशातून बँकेची नोटीस काढली. कधीपासून खिशात घेऊन फिरत होते देव जाणे.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. चहा हवा असला की नातीला सांगतात, "तुन्या मायले सांग."

आता मनात एकच राहिलं. हे सगळं बाहेर आलं ते जावेकडे राहिल्यामुळे आणि वसुलीवाले काकांच्या चार प्रश्नांमुळे. मग प्रार्थनेचं उत्तर कुठलं? न मागताही मी एवढं केलं असतं तर तेच कळलं असतं ना?

सातपुड्याखाली

मी नंदुरबारकडच्या एका लहान मंडळीचा पाळक आहे. इतके दिवस नुसतं वाचत होतो, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने लिहायला बसवलं.

यहोशवा ९ वाचा. गिबोनी लोक आले, लांबच्या देशातून आलोय, आमच्याशी करार करा म्हणाले. फाटक्या गोणी, ठिगळं लावलेले बुधले, झिजलेले जोडे, बुरशी आलेली भाकर. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी काहीच तपासलं नाही असं नाही. त्यांनी शिदोरी हातात घेऊन बघितली. वसुलीवाले भाऊंसारखीच कागदपत्रं तपासली म्हणा ना. आणि तरी फसले, कारण परमेश्वराला विचारलं नाही असं १४ व्या वचनात स्पष्ट लिहिलंय. तीन दिवसांनी कळलं की ही माणसं शेजारचीच. म्हणजे नुसत्या चौकशीने भागतं असं पवित्र शास्त्र म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. शलमोनाने गिबोनातच बुद्धी मागितली, प्रजेचा न्याय करता यावा म्हणून ऐकणारं मन मागितलं (१ राजे ३:९). देवाने दिलं. आणि लगेच पुढे काय घडतं? त्याला दर्शन होऊन मूल कोणाचं ते दिसत नाही. दोन बाया भांडत दारात येतात. तो दोघींचं ऐकतो, दोघी काय म्हणाल्या ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो, मग तलवार मागवतो आणि कोण कशी वागते ते बघतो. मिळालेली बुद्धी तिथे काम करत होती, ऐकण्यात आणि बघण्यात.

ताई, तुम्ही मागितलं नसतं तर जावेकडे राहायला गेला असता का? गेला असता तरी चुलीपाशी गप्प बसला असता का? मला वाटत नाही. मनातलं "नको" घेऊन तुम्ही पहिल्याच दिवशी मोकळ्या झाला असता, आणि भाऊजींच्या खिशातली नोटीस खिशातच राहिली असती. पण हे मी सिद्ध करून देऊ शकत नाही, आणि तसं करायच्या मागेही लागत नाही.

एक गोष्ट मात्र पांझरेकाठ यांच्यासाठी. गिबोनी लोकांना फसून दिलेली शपथसुद्धा इस्राएलाने पाळली. स्तोत्र १५ म्हणतं, देवाच्या मंडपात कोण राहील, तर स्वतःचं नुकसान झालं तरी शपथ न मोडणारा. ख्रिस्ती माणसाची सही अशी असायला हवी, म्हणूनच ती करण्याआधी इतका घोळ घालावा लागतो. मी माझ्या मंडळीत कोणाला जामीन राहू नका असं सांगत नाही. राहिलात तर भरा, असं सांगतो. त्यावरून काही जण माझ्यावर नाराज आहेत.

दर्शनाच्या बाबतीत थोडं सांभाळून लिहितो. देव दर्शन देत नाही असं मी म्हणणार नाही, पौलाला त्रोवसात 'इकडे ये' म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दिसला होताच. पण ते दर्शन जायचं त्यालाच झालं, आणि गेला तोही तोच. दुसऱ्याच्या पगारावर कोणाला बाग दिसत असेल तर मी आधी विचारतो, बहीण, तुम्ही किती घालताय?

पांझरेकाठ

😄 पाळकसाहेब, हे आमच्या घरसभेत येऊन सांगा.

ताई, सत्तर हजार परत न मागायच्या बोलीवर देणं मला सहीपेक्षा जड वाटतं. माझं मत बदललं असं नाही, काही वेळा सही द्यावीच लागते असं अजून वाटतं. पण तुमच्या बाबतीत मी गप्प. मत्तय ५:४२ तुम्ही पाळलं.

जुना वसुलीवाला

पुढच्या कामाचं बोलू. सत्तर हजार रोख हातात देऊ नका, ते त्या चेकवाल्याकडे जातील. आधी भाऊजींना घेऊन बँकेत जा. शाखाधिकाऱ्याला भेटून विचारा की थकीत कर्जाचं पुनर्गठन (हप्ते नव्याने बांधून देणं) होतं का, एकरकमी तडजोडीची (काही सूट घेऊन एकदम भरून खातं मिटवायची) योजना चालू आहे का. असेल तर सत्तर हजार तिथे भरा, थेट खात्यात, पावती घेऊन. तडजोड करण्याआधी एक मात्र विचारा, त्यानंतर नवं पीककर्ज मिळेल का. काही ठिकाणी तडजोड केलेल्याला नवं द्यायला खळखळ करतात, तसं असेल तर पुनर्गठन बरं.

तो चेकवाला परवानाधारक सावकार आहे का ते बघा. नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. तक्रार करा असं लगेच म्हणत नाही, पण त्याच्याशी बोलताना भाऊजींना एवढं माहीत असू द्या. आवाज बदलतो माणसाचा.

आणि केळी लगेच तीन एकर नको. एक एकर लावा, उरलेल्यात कपाशी नाहीतर मका. रोपवाटिकेची पावती ठेवा, हवामानावर आधारित फळपीक विमा मुदतीत भरा.

नवापूरची सिस्टर

बँकेत जाताना जावेलाही घेऊन जा गं. तिला बाहेर बाकावर बसवू नका.

सासूबाईंचं होईल हळूहळू. त्यांना कोणी हिशेब दाखवला आहे का?

भुसावळची बाई

सिस्टर, हिशेब भाऊजीच दाखवणार आहेत त्यांना, मी तसं सांगितलंय. माझ्या तोंडून गेला तर सून चुगली करते असं होईल.

मंगळवारी बँकेत जायचं ठरलंय. मी, मिस्टर, भाऊजी, जाऊ. मी किरकोळ रजा टाकली आहे. काका, एक विचारते, भाऊजींकडे सात-बारा आहे पण मागच्या वर्षीचा, हाताळून हाताळून चिंध्या झालेला. तो चालेल का?

जुना वसुलीवाला

नवा काढा. महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे जायला नको. सोबत आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) पण काढा, दोन्हींच्या दोन-दोन प्रती. आणि ती खिशातली नोटीस विसरू नका, तिच्यावर खाते क्रमांक असतो.